लक्ष कुठे द्यायचं ते सांगणाऱ्या आप्पांना

ती. आप्पा,
सा. नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. तुम्ही मला जे दिलंत ते खो-खो शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर जावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

शाळेच्या दप्तरी तुम्ही शिपाई. पण अमळनेरच्या आमच्या मैदानाला तुमच्याशिवाय रेघ नव्हती. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही खुंट्या ठोकायचात, सुतळी ताणायचात आणि घमेल्यातली फक्की मुठीने सोडत चालत जायचात. 27 बाय 16 मीटरचं मैदान, मधोमध 30 सेंटिमीटरचे आठ चौक. त्यातल्या चौथ्या चौकात मी बसायचे.

नववीत जिल्ह्याच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटात, मी खो मिळायच्या आधीच उठले. एकदा नाही, दोनदा. पंच बरोबर होते. आम्ही हरलो. बाहेरून सगळे ओरडत होते, "लक्ष दे! लक्ष दे!" आणि मी देतच होते की! घड्याळाकडे, गुणफलकाकडे, मैत्रिणींच्या चेहऱ्यांकडे, आणि सगळ्यात जास्त आधीच्या फाउलकडे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जवळ येऊन एवढंच विचारलंत, "कोठे शे तुनं ध्यान?" त्यात रागावणं नव्हतं. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मला उत्तर देता येईना.

मग तुम्ही सुतळी काढून टाकलीत आणि माझ्या हाती फक्की दिलीत. मी मुठीकडे बघत चालले, रेघ नागमोडी गेली. "मूठ नको पाहू, पलीकडची खुंटी पाहा," तुम्ही म्हणालात. दुसरी रेघ बरीच सरळ आली. त्या काळ्या मातीवरची ती पांढरी रेघ मला आजही तशीच्या तशी दिसते.

पुढचे दोन महिने रोज शाळा सुटल्यावर तुम्ही मला चौकात बसवलंत. डोळे समोरच्या खुंटीवर, कान पाठीमागे. कधी तुम्ही नुसता "खो" म्हणायचात, कधी नुसता पाठीला हात लावायचात. दोन्ही एकदम आलं तरच उठायचं. सुरत-भुसावळ लाइनवरून मालगाडी धडधडत जायची, तेव्हा तुम्ही मुद्दाम आवाज बारीक करायचात. चुकून उठले तर चौकाच्या रेघेला एक बोट टेकवायचं, श्वास सोडायचा, नजर परत खुंटीवर. ध्यान जाणारच, ते परत आणायला ठरलेली जागा हवी, हे मला तिथे बसून कळलं.

बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करताना जोन विकर्स या कॅनडातल्या संशोधिकेचं 1996 मधलं काम वाचलं. बास्केटबॉलच्या फ्री थ्रोआधी खेळाडूंची नजर कुठे असते, हे त्यांनी मोजलं होतं. चांगल्या खेळाडूंची नजर चेंडू सोडण्याआधी एका जागी जास्त वेळ स्थिर राहते. त्या वाचनालयात मला तुमची खुंटी दिसली, आप्पा, आणि डोळे भरून आले.

मुलींना मी मॅथ्यू एमन्सची गोष्टही सांगते. 2004, अथेन्स ऑलिंपिक, रायफलची अंतिम फेरी. सुवर्णपदक जवळजवळ हातात, आणि शेवटची गोळी त्याने शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर मारली. गुण शून्य, थेट आठवा. मला त्यात हे दिसतं की नजर बारीक करण्याआधी एकदा सगळीकडे फिरवून घ्यावी लागते. तुम्हीही चौकात बसवण्याआधी आम्हाला मैदानाला एक फेरी मारायला लावायचात. तेव्हा वाटायचं, पाय मोकळे करायला असेल.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं, तेव्हा माझ्या शाळेतल्या पोरी नाचत होत्या. मी मात्र बसलेल्या खेळाडूंचे डोळे बघत होते.

"लक्ष दे" मला सगळ्यांनी सांगितलं, आप्पा. ते ठेवायचं कुठे, हे फक्त तुम्ही दाखवलंत. तेव्हा मी आभार मानले नाहीत, दहावी झाली आणि निघून गेले. ते आज मानते, मनापासून.

येत्या शनिवारी आमच्या शाळेचं मैदान आखायचंय. फक्की मुली टाकतील. तुम्हाला न्यायला मी स्वतः येते, तुम्ही फक्त पलीकडच्या खुंटीपाशी खुर्ची टाकून बसा.

तुमची,
चौथ्या चौकातली पोरगी