शुवैमिसहून आल्यावर

ती. आई-बाबांना सा. न.

आई, पत्र तूच वाचून दाखव, बाबांचे डोळ्यांत घालायचे थेंब अजून चालू असतील. फोनवर मी कायकाय सांगायला लागते आणि बाबा "बरं, ठेव आता, बिल येईल" म्हणतात (व्हॉट्सॲपला बिल येत नाही हो बाबा!), म्हणून लिहिते आहे.

परवाच्या शुक्रवारी मी आणि माझ्या वॉर्डातल्या दोन मल्याळी सिस्टर इथल्या, सौदीतल्या शुवैमिसला खडकावर कोरलेली जुनी चित्रं बघायला जाऊन आलो. आमच्या हाइलपासून दक्षिणेला अडीचशे किलोमीटर, आणि गाडी मी चालवली. 2018 पासून इथे बायकांना परवाना मिळतो. बाबा, तुम्ही ज्याच्या गोष्टी सांगायचात त्या हातिमताईचा हा मुलूख. आमचा बेदुइन वाटाड्याही त्याच वळणाचा. वेलचीचा कडू गहवा (इथली कॉफी) आणि खजूर खाल्ल्याशिवाय जागचा हलू देईना.

वाटेत मैलोन्‌मैल काळा दगड, जुन्या ज्वालामुखींचा. मग वाळूचे खडक लागले आणि पुढे पायी. कधीकाळी या दरीत पाणी वाहायचं, आता तळाशी नुसती वाळू आहे. पाय रुततो, बूट जड होतात. डिसेंबर असून अकरा वाजता डोकं तापलं. आई, टोपी घातली होती.

आणि मग कड्यावर कोरलेला सिंह. वाळवंटात सिंह! त्याच्या बाजूला लांब शिंगांची गुरं. गुरं होती म्हणजे चारा होता, पाणी होतं. वाटाड्याने दगडावरचा काळपट थर दाखवला. तो हजारो वर्षांत चढतो, ठोकून काढला की आतला फिका दगड उघडा पडतो आणि चित्र दिसतं. पुन्हा काही हजार वर्षांनी चित्रावरही थर चढतो, म्हणून जुनी चित्रं खडकाइतकीच काळी. ऊन तिरपं असेल तरच नीट दिसतात.

मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती कुत्र्यांपुढे. माणूस धनुष्य ताणून उभा, भोवती कुत्री, आणि काही कुत्र्यांच्या गळ्यापासून थेट माणसाच्या कमरेपर्यंत कोरलेली रेघ. म्हणजे दोरी! अभ्यासक म्हणतात, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचं असावं. कान उभे, शेपटी वर वळलेली, हुबेहूब आपला मोत्या. एक सिस्टर म्हणाली, "रडतेस काय?" मी म्हटलं, वाळू गेली डोळ्यात.

बाबा, आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

आपल्या सड्यावरचा, पठारावरच्या कातळात कोरलेला तो मोठा मासा आठवला. आजी म्हणायची, पांडवांनी एका रात्रीत काढला. पावसात त्याच्या रेघांत पाणी साचायचं आणि गुरं राखताना मी त्यात गवताच्या काड्या सोडत बसायचे. तुम्ही त्याच्यावरून रोज ये-जा केलीत, मीही केली. इथली चित्रं उभ्या कड्यावर, मान वर करून बघायची. आपली आडवी, पायाखाली, म्हणूनच बहुतेक कुणाला त्यांचं काही वाटलं नाही.

इथे कुंपण आहे, पहारेकरी आहे. 2015 साली युनेस्कोने हाइलची ही शिल्पं जागतिक वारशात घेतली. आपल्या कोकणातल्या कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांची नावं 2022 पासून त्यांच्या संभाव्य यादीत आहेत. आपला मासा कुठल्याच यादीत नाही. त्याला फक्त तुम्ही आहात, आणि तुमच्याकडे तो चिरेखाणवाला येऊन बसलाय.

पैशांची निकड मला कळते. दादाच्या घराचे हप्ते मीही ऐकते. जमीन विकू नका असं म्हणत नाही, पण खाणवाल्याचं मशीन एकदा तिथे चाललं की चार तासांत मासा कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीत जाईल. निदान मासा आणि भोवतीची चार-पाच गुंठे जागा सोडून बोलणी करता येतील का? हप्त्यातली तूट मी भरते, दादाशी मी बोलेन.

मी मे महिन्यात येते आहे. तोवर खाणवाल्याला सांगा, मुलगी आल्यावर बघू. आणि दादाला एकदा खराटा आणि पाण्याची कळशी घेऊन वर पाठवा. झाडून पाणी ओतलं की रेघा उठून दिसतात, तेवढ्यात फोटो काढायचे. बाजूला काठी ठेवायला सांगा, म्हणजे लांबी कळेल. शेपटीच्या खाली आणखी काहीतरी कोरलेलं होतं असं मला पुसटसं आठवतंय. बाबा, तुम्हाला आठवतं का?

आई, खजूर पाठवते आहे. बाबांना दिवसाला दोनच द्यायचे.

तुमची,
बेबी