बोलविता धनी एक, खाती अनेक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘विकिपीडियावर तुमचे पान करून देतो आणि ते टिकवण्याची हमीही देतो’, असा निरोप गेल्या महिन्यात माझ्या परिचयातील एका नाट्यदिग्दर्शकांना आला. मी मराठी विकिपीडियावर काही वर्षे फावल्या वेळात लेखन करत असल्याने त्यांनी मला विचारले. त्यांना जे सांगितले, तेच येथे लिहीत आहे.

विकिपीडियावर एखादा लेख राहावा की वगळावा, हे सदस्य चर्चा पानावर कारणे मांडून सहमतीने ठरवतात. तेथे डोकी मोजायची नसतात, मुद्दे तोलायचे असतात. तरीही चार निरनिराळ्या नावांनी एकच मत आले की पाचवा सदस्य बहुधा माघार घेतो. एकाच व्यक्तीने गुपचूप चालवलेल्या अनेक खात्यांचे फावते ते येथेच. इंग्रजीत अशा खात्याला मोज्याच्या बाहुलीवरून ‘सॉकपपेट’ म्हणतात. मला आपला ‘बोलविता धनी’ अधिक नेमका वाटतो, कारण दोष बाहुलीचा नसतो.

ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियाने अशी ३८१ खाती एकाच वेळी बंद केली आणि त्यांनी तयार केलेले २१० लेख वगळले. सर्वांत आधी सापडलेल्या खात्याच्या नावावरून हे प्रकरण ‘ऑरेंजमूडी’ म्हणून ओळखले जाते. जाहिरातबाजीमुळे नाकारले गेलेले मसुदे ही मंडळी हेरत, संबंधित व्यावसायिकाला वा कलावंताला गाठत आणि पैसे घेऊन लेख चढवत. काही खाती लेख लिहीत, तर दुसरी खाती तेच लेख ‘तपासले’ म्हणून शिक्का मारत. त्यानंतर लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा रक्कम मागितली जाई. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि वर राखणीचे पैसेही मागितले! आमच्या दिग्दर्शकांना मिळालेली हमी याच जातीची आहे, असा माझा संशय आहे.

एकाहून अधिक खाती बाळगणे हा मुळात गुन्हा नाही. सार्वजनिक संगणकासाठी वेगळे खाते ठेवून तसे सदस्य पानावर जाहीर करणारे अनेक आहेत. आक्षेप आहे तो लपवण्याला. संशय आल्यास मोजके अधिकृत तपासनीस खात्यांचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) आणि ब्राउझरचा तपशील पडताळतात, परंतु ही माहिती साधारण तीन महिनेच उपलब्ध असते. शिवाय आयपी एक म्हणजे माणूस एक, असे गणित मांडता येत नाही. मराठी भाषा पंधरवड्यात एखाद्या महाविद्यालयात कार्यशाळा झाली, की वीस-पंचवीस विद्यार्थी एकाच वायफायवरून, बऱ्याचदा एकाच विषयावर लिहू लागतात. त्यांना सरसकट बाहुल्या ठरवले, तर ती मुले पुन्हा फिरकणार नाहीत. म्हणून आयोजकांनी आधीच विकिपीडियाच्या ‘चावडी’ या सामायिक चर्चेच्या पानावर कार्यशाळेची सूचना द्यावी, अशी माझी विनंती आहे.

पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते कोणासाठी लिहीत आहोत हे जाहीर करावे, अशी अट २०१४ पासून विकिपीडियाच्या वापराच्या अटींतच आहे. ज्यांना असे प्रस्ताव येतात, त्यांनी समोरच्याला त्याचे सदस्यनाव आणि ती घोषणा कोठे केली आहे, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. आमच्या दिग्दर्शकांनी विचारले. त्यानंतर तिकडून काही उत्तर आलेले नाही.

आपला,
मराठी विकिपीडियाचा एक सदस्य, पुणे