बाइंडर काका, घड्या उलगडल्या!

आदरणीय काका,

मोबाइलवर लांबलचक काही वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून हे पत्र तुमच्या नातीकडून वाचून घ्या. चारचौघांत लिहितोय ते मुद्दाम. सोलापुरात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर जुन्या पोस्टरांच्या ट्रंका पडून असतील.

वडील टॉकीजमध्ये नोकरीला होते. सिनेमाची, तमाशाची, गड्ड्याच्या यात्रेतल्या सर्कशीची पोस्टरं त्यांनी ट्रंकेत घड्या घालून ठेवली होती. ती घेऊन मी तुमच्याकडे आलो तो मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. तुम्ही एक घडी जेमतेम बोटभर उचललीत, कागद कुरकुरला, तशी अलगद मिटवलीत. "आत्ता नाही. पाऊस पडू दे."

सगळ्यात आधी आभार या एका वाक्याचे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कागदातला ओलावा उडून जातो, तो पापडासारखा होतो आणि नेमका घडीच्या रेषेवर तुटतो. त्यातून हा कागद मुळातच हलका. भिंतीवर डकवायचा आणि नवा सिनेमा लागला की त्याच्यावर दुसरा, एवढंच त्याचं आयुष्य धरलेलं. लाकडाच्या लगद्यातलं आम्ल त्याला आतूनच पिवळं करत जातं. घड्या पावसाळ्यात उघडायच्या, पेटी दिवाळीनंतर कोरड्या हवेत भरायची, हे तुमचं वेळापत्रक मला कुठल्याही महागड्या सामानापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

ऑगस्टमध्ये तुम्ही जे केलंत ते इथे सविस्तर लिहितो. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा टब, तळाला पिळून घेतलेला ओला टॉवेल, त्यावर उंचावर जाळी आणि जाळीवर घडी घातलेलं पोस्टर. पाणी कागदाला कुठेच लागत नाही, नुसती दमट हवा. झाकण लावून काही तास ठेवायचं, मधूनमधून बघायचं. कागद मऊ पडला की घडी आपणहून सैल होते. मग टिपकागदाच्या थरांत घालून वर काच आणि वजन. पण त्याआधी प्रत्येक शाईला कोपऱ्यात ओल्या कापसाचा बोळा टेकवायचा. तमाशाच्या एका पोस्टरची गुलाबी शाई बोळ्यावर उतरली. "हे टबात जायचं नाही," म्हणालात आणि बाजूला ठेवलंत. ते अजून घडीतच आहे, राहू दे.

फाटलेल्या कडा तुम्ही मागच्या बाजूने पातळ टिश्यू लावून सांधल्या, मैद्याच्या खळीने. उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर ही खळ ओलाव्याने सुटते. कीड लागू नये म्हणून जन्मभर खळीत मोरचूद घालत आलेला माणूस "याच्यात मोरचूद नको, तांबं जुना कागद खातं" म्हणाला, याचं मला फार कौतुक वाटलं. चिकटपट्टी लागलेल्यांना मात्र तुम्ही हात लावला नाहीत. तिचा डिंक कागदात मुरलेला असतो. "हे माझ्या हातचं नव्हे. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पोस्टरंही जपतात, त्यांना विचार." १९६४ सालची ती संस्था शेजारच्या पुण्यात असून मला सुचली नव्हती.

खर्चाचं म्हणाल तर सगळं मिळून एका बऱ्या फ्रेमच्या पैशात झालं. मोठ्या पोस्टरांसाठी कापडाच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या नळ्या फुकट आणल्या. पुठ्ठाही आम्लाचाच, म्हणून त्यावर आधी ॲल्युमिनियमची फॉइल. नळी बारीक वाटली तिथे धुऊन खळ काढलेला मांजरपाट गुंडाळून ती जाड केली. (कोऱ्या कापडातली खळ म्हणजे कसरीला आमंत्रण, हेही तुमचंच.) पोस्टर नळीच्या आत कोंबायचं नाही, बाहेरून गुंडाळायचं, आणि बांधायला रबर नाही, कापडी पट्टी. लहान पोस्टरं पॉलिस्टर फिल्ममध्ये सपाट. पीव्हीसीचे फोल्डर मी परत केले.

पत्र्याखालचा माळा सोडून सगळं आता मधल्या खोलीतल्या कपाटात, भिंतीपासून चार बोटं सुटं आणि जमिनीपासून वर. डांबरगोळ्या नाहीत. कडुलिंबाच्या पाल्याला तुम्ही नाही म्हणाला नाहीत, पण "पाल्यापेक्षा महिन्याला एकदा पेटी उघडून बघ" म्हणालात, तेच करतोय. एका दुकानात लॅमिनेशन करून देतो म्हणाले होते. तुम्ही फक्त विचारलंत, "काय करालाव? मग काढणार कसं?" आता भिंतीवर सर्कशीच्या पोस्टरचा स्कॅन करून काढलेला रंगीत प्रिंट आहे, मूळ पोस्टर अंधारात.

मजुरीचं तुम्ही अजून काही बोलला नाहीत. मी येत्या रविवारी येतो, तेव्हा आकडा सांगा, आणि नाही म्हणू नका. शिवाय आमच्या गल्लीतल्या एका काकूंकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा निघालाय, तोही दाखवायचाय.

आपला,
टॉकीजवाल्यांचा थोरला