कापसाचे आयात शुल्क पेरणीआधी ठरवा, वेचणीच्या तोंडावर बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेने भारतीय मालावर लावलेल्या आयात कराविषयी आपल्या दैनिकातून पुष्कळ छापून आले आहे. दोन राजधान्यांमधील बोलणी, रशियाचे तेल, निर्यातदारांच्या अडचणी या सर्वांची त्यात दखल घेतली गेली. परंतु कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याला सर्वाधिक झळ ज्या निर्णयाने पोहोचली, तो निर्णय दिल्लीत झाला होता आणि त्याची चर्चा फार लवकर विरून गेली. म्हणून हे पत्र.

दि. 18 ऑगस्ट 2025 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून कापसावरील 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ केले. दि. 27 ऑगस्टपासून तयार कपड्यांसह आपल्या बऱ्याचशा मालावर अमेरिकेचा कर 50 टक्क्यांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी या माफीची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. आपल्याकडे त्या वेळी कापूस पाते-फुलांत होता. बियाणे, खत, फवारणी, खुरपणी असा बहुतेक खर्च होऊन गेला होता, आणि दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी करून दिवाळीचा बाजार, उसनवारी आणि पोरांची फी भागवण्याचा हिशेब घरोघर मांडलेला होता. ज्या तीन महिन्यांत लहान शेतकरी आपला कापूस विकतो, नेमके तेच तीन महिने परदेशी रुईसाठी मोकळे करण्यात आले.

सूतगिरण्यांची अडचण खोटी नव्हती. अमेरिकेत कपडे महाग झाले की तिरुपूरपासून इचलकरंजीपर्यंत हजारो कामगारांच्या पोटावर पाय येतो, आणि त्यांना आधार देणे सरकारचे कर्तव्यच आहे. माझा आक्षेप इतकाच आहे की हा आधार सरकारी तिजोरीतून न देता कापूस उत्पादकाच्या भावातून काढून देण्यात आला, आणि तसे करताना त्याला कोणी विचारले नाही. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 25 नुसार सरकारला ‘लोकहितार्थ’ शुल्क माफ करता येते, त्यासाठी आधी संसदेत चर्चा व्हावी लागत नाही. कायद्यात बसणारा हा निर्णय होता, हे मान्य. पण ज्यांच्या वर्षभराच्या कमाईवर त्याचा परिणाम होणार होता, त्यांना तो वर्तमानपत्रातून कळला.

ज्या देशाच्या करामुळे हे सारे घडले, त्याच देशात कापसाच्या प्रश्नावर कोणाच्या खिशातून कोणाला द्यायचे हा वाद कसा लढला गेला, हे आपल्या वाचकांपुढे यावे असे वाटते. महामंदीच्या काळात अमेरिकेत कापसाचा भाव पौंडाला पाच-सहा सेंटपर्यंत कोसळला होता. 1933 च्या मे महिन्यात रूझवेल्ट सरकारने कृषी समायोजन कायदा केला. पीक आधीच उभे असल्याने सुमारे 1 कोटी एकरांवरील कापूस नांगरून मोडण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देण्यात आले. हे पैसे कापसावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांकडून पौंडामागे 4.2 सेंट कर घेऊन उभे केले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हूसॅक मिल्स या कापड गिरणीच्या व्यवस्थापकांनी तो कर भरण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 6 जानेवारी 1936 रोजी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध बटलर’ या निकालात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने तो कर घटनाबाह्य ठरला. शेतीचे नियमन हा राज्यांचा अधिकार आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती स्टोन यांनी विरोधी निकालपत्र लिहिले.

निकालानंतर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दोन महिन्यांच्या आत नवा कायदा केला, 1938 मध्ये तो अधिक पक्का केला आणि शेतकऱ्याचा आधार गिरणीवरील करातून काढून सर्वसाधारण तिजोरीवर टाकला. गिरणीने भार सोसायचा की देशाने, हा प्रश्न तिथे भर न्यायालयात आणि भर सभागृहात लढवला गेला, आणि उत्तर ‘देशाने’ असे आले. आपल्याकडे तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला, गिरणीला आधार हवा होता, आणि उत्तर ‘शेतकऱ्याने’ असे देण्यात आले. फक्त हा प्रश्न कोणत्याही सभागृहात मांडला गेला नव्हता.

त्या अमेरिकी योजनेची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याला फार जवळची आहे. पीक मोडण्याचे पैसे जमीनमालकाच्या हातात पडले आणि अनेक मालकांनी वाट्याने कसणाऱ्या कुळांना, विशेषतः दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबांना, जमिनीवरून हुसकावून लावले. 1934 मध्ये आर्कान्सॉ राज्यात गोऱ्या आणि काळ्या कुळांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना उभारली, ती या अन्यायातूनच. आज परभणी, हिंगोली, नांदेडकडे बटईने किंवा ठोक्याने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून अनुदान आणि नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात जाते. बटईदाराच्या वाट्याला त्यातले किती यायचे, हे मालकाच्या मनावर असते.

आता आजची तुलना. दि. 4 जुलै 2025 रोजी, म्हणजे आपल्या अधिसूचनेच्या दीड महिना आधी, अमेरिकेत जो मोठा अर्थसंकल्पीय कायदा झाला, त्यात सरकीसह कापसाचा संदर्भ भाव पौंडाला 36.7 सेंटवरून 42 सेंट करण्यात आला. वर्षभराचा सरासरी बाजारभाव त्याच्या खाली गेला, तर फरकाची रक्कम सरकार देते. ती संपूर्ण उत्पादनावर मिळत नाही, नोंदलेल्या क्षेत्राच्या 85 टक्क्यांवर मिळते, आणि त्या क्षेत्रावर शेतकऱ्याने त्या वर्षी काय पेरले हे पाहिले जात नाही. माणशी मर्यादा वर्षाला 1,55,000 डॉलर आहे, यावरून तिथले लाभार्थी किती मोठे असतात याची कल्पना यावी. आपण त्या योजनेची नक्कल करावी, असे मी म्हणणार नाही.

पण 42 सेंटचा हिशेब मी रुपयांत आणि क्विंटलमध्ये करून पाहिला. डॉलरचा भाव 87-88 रुपये धरला, तर क्विंटलला 8,100 रुपयांच्या आसपास रक्कम येते. आपल्याकडे 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये होता. म्हणजे कागदावरचा आकडा जवळजवळ सारखाच आहे. टेक्सासच्या शेतकऱ्याला मात्र हा आकडा कायद्याने मिळाला आहे आणि 2031 च्या पिकापर्यंत तो त्याच्या हाती आहे. आपला हमीभाव कोणत्याही कायद्यात नाही, तो दरवर्षी जाहीर होतो आणि खरेदी केंद्राच्या फाटकातून आत गेलेल्या कापसालाच मिळतो.

त्या फाटकावर काय होते, ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला, शेतांत पाणी उभे राहिले, खालची बोंडे सडली आणि जो कापूस हाती लागला तो ओला होता. भारतीय कापूस महामंडळाच्या निकषानुसार 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो, 12 टक्क्यांपर्यंत टक्क्यागणिक भाव कापला जातो आणि त्यापुढे कापूस घेतलाच जात नाही. केंद्रावर रात्रीपासून नंबरला लावलेल्या ट्रॅक्टरवर सकाळी प्रतवारी करणारा चढतो, हात कोपरापर्यंत कापसात घालून खालचा पुंजका काढतो, मीटर लावतो आणि आकडा सांगतो. 14 म्हटले की ट्रॉली माघारी फिरते. घरी नेऊन वाळवायला ना जागा असते ना ऊन, आणि वेचणीची मजुरी व ट्रॉलीचे भाडे त्याच दिवशी द्यायचे असते. मग वाटेवरच्या व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावात, हमीभावाच्या बरेच खाली, कापूस घालून मोकळे व्हावे लागते. आणि तो व्यापारी काय भाव देऊ शकेल, हे गिरणीला परदेशी गाठ कितीला पडते यावर ठरते. शुल्कमाफीचा फटका शेतकऱ्याला बसतो तो इथे. हमीभाव वाढवला म्हणून शेतकरी सुरक्षित आहे, असे सांगणाऱ्यांनी ही साखळी नीट पाहावी.

अमेरिकेच्या कापूस अनुदानाला कोणी जाब विचारू शकत नाही, असेही समजण्याचे कारण नाही. 2002 च्या सप्टेंबरात ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार दाखल केली. त्या काळी अमेरिकेतील सुमारे 25,000 कापूस उत्पादकांना वर्षाला अब्जावधी डॉलरची मदत मिळत होती, शिवाय अमेरिकी कापूस वापरणाऱ्या गिरण्यांना आणि तो निर्यात करणाऱ्यांना वेगळे पैसे दिले जात होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कृषी अर्थतज्ज्ञ डॅनियल समनर यांनी या अनुदानामुळे जगाचा भाव किती खाली दाबला जातो याची आकडेमोड ब्राझीलच्या बाजूने मांडली आणि त्यासाठी मायदेशात टीका सोसली. 2004 मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, मार्च 2005 मध्ये अपिलातही तो टिकला. गिरण्यांना मिळणारे अनुदान 2006 मध्ये बंद झाले. बाकीच्या बाबतीत अमेरिकेने चालढकल केली, तेव्हा 2009 मध्ये लवादाने ब्राझीलला प्रत्युत्तरादाखल कर लावण्याची आणि रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास अमेरिकी पेटंटचे संरक्षण स्थगित करण्याचीही मुभा दिली. ब्राझीलने वस्तूंची यादी जाहीर करताच अमेरिका बोलणीला आली. 2010 पासून ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर देण्याचे तिने कबूल केले आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. हा खटला बारा वर्षे चालला. मधल्या काळात ब्राझीलमध्ये सरकारे बदलली, पण खटला सोडला गेला नाही, आणि तेथील कापूस उत्पादकांची संघटना पहिल्यापासून पाठीशी उभी होती.

याच काळात, 2003 मध्ये, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी कानकूनच्या परिषदेत कापसाचा प्रश्न मांडला. त्यांचा कापूस आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावरचा, लहान तुकड्यांवरचा आणि हाताने वेचलेला. त्यांच्या पदरात आश्वासनांपलीकडे फारसे पडले नाही. त्यांची बाजू भारताने अधिक जोराने उचलायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

उलट 2018 मध्ये अमेरिकेनेच भारताच्या कापूस हमीभावावर बोट ठेवले. विकसनशील देशाला उत्पादन मूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच पिकाला आधार देता येतो आणि भारत ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतो, असा तिचा दावा आहे. हा हिशेब ज्या संदर्भ किमतींवर बेततात, त्या 1986-88 च्या आहेत. आजच्या हमीभावाची चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतींशी तुलना केली, तर आकडा फुगणारच. या मुद्द्यावर भारताची भूमिका रास्त आहे आणि तीवर सरकारने ठाम राहिले पाहिजे. मात्र बाहेर हमीभावाची बाजू लढवायची आणि घरात त्याच हंगामात आयात मोकळी करून बाजार हमीभावाच्या खाली जाऊ द्यायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

करांच्या बाबतीत अमेरिकेतही सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. आयात कर लावण्याचा अधिकार तिथल्या घटनेने काँग्रेसला दिलेला असताना राष्ट्राध्यक्षांनी 1977 च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याचा आधार घेऊन तो वापरला. पण त्यावर लहान आयातदारांनी न्यायालयात धाव घेतली. अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने मे 2025 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि 29 ऑगस्टला अपिलीय न्यायालयानेही सात विरुद्ध चार मतांनी सरकारचा आधार अपुरा ठरवला. म्हणजे आपल्याकडे शुल्कमाफीची मुदत वाढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, हा कर कोणी लावायचा, यावर तिथल्या अकरा न्यायाधीशांनी आपली मते लिहून दिली होती.

माझी मागणी मोजकी आहे. कापसाच्या आयात शुल्कात बदल करायचा असेल, तर तो दरवर्षी 31 मेपूर्वी जाहीर व्हावा, म्हणजे सोयाबीन पेरावे, तूर पेरावी की कापूस लावावा हे शेतकऱ्याला ठरवता येईल. हमीभावाची शिफारस करणाऱ्या कृषिमूल्य आयोगाचे मत त्यासाठी घ्यावे आणि ते प्रसिद्ध करावे. जून ते मार्च या काळात शुल्क माफ करण्याची खरोखरच वेळ आली, तर अधिसूचनेसोबत कारणे संसदेपुढे ठेवावीत आणि भाव हमीभावाच्या खाली गेल्यास फरकाची रक्कम थेट पीक घेणाऱ्याच्या, बटईदार असेल तर त्याच्या, खात्यात द्यावी. 2022 मध्येही एप्रिल ते ऑक्टोबर अशीच माफी दिली गेली होती, तेव्हा ही वेळ पुन्हा येणार हे धरून चालले पाहिजे. मराठवाड्यातील सर्व खासदारांनी, पक्ष बाजूला ठेवून, हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा. त्यांच्यापैकी कोण उभे राहिले आणि काय बोलले, हे आपल्या दैनिकाने आम्हा वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक,
ता. पाथरी, जि. परभणी