त्रास सांगा, आजाराचं नाव नको

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी बाबांना कराडला नवीन डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंय, असं दादा म्हणाला. फोनवर बाबा "बरं बरं, कळलं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहून पाठवतेय.

बाबा, डॉक्टरांसमोर बसलात की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं: "जरा वाताचा त्रास आहे." आईचं, "पित्त झालंय." बाहेर रांग लागलेली असते आणि आजार तुम्ही घरूनच ठरवून नेलेला असतो, मग डॉक्टरही गोळी लिहून मोकळे होतात. पुढचा डॉक्टर जुनी चिठ्ठी वाचतो आणि तेच नाव पुढे चालू राहतं. तेव्हा नाव सांगू नका, त्रास सांगा. पायाला मुंग्या कधीपासून येतात, रात्री वाढतात का, चालताना चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. (हे शेवटचं मला आईकडून कळलं. तुम्ही कशाला सांगाल!)

साखरेवरचं मेटफॉर्मिन तुम्ही इतकी वर्षं घेताय की ते आता तुमच्या हिशेबी औषधच उरलेलं नाही. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यात आपण पक्के शाकाहारी. बी-१२ कमी झालं की मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा, सगळं येऊ शकतं. साखरेनेही मुंग्या येतातच, म्हणून "शुगर आहे, होणारच" म्हटलं की विषय तिथेच संपतो. तो संपू देऊ नका. "याचं आणखी काही कारण असू शकेल का, बी-१२ बघायचं का?" एवढं विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. गोळ्यांची यादी करत बसू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढासुद्धा.

आई, तू म्हणशील माझा काय संबंध. तुझ्या केसांच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आहे. ते मोठ्या मात्रेत असलं तर काही मशीनवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, नसलेला आजार दिसतो. हार्ट अटॅकसाठी ट्रोपोनिन तपासतात, ते खोटंच कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता, त्यात एका रुग्णाच्या मृत्यूचाही उल्लेख होता. रक्त देण्याआधी गोळी किती दिवस बंद ठेवायची, ते विचारून घे. आणि तुझं ते पित्त! त्याच्यासोबत धाप, घाम किंवा जबड्यात दुखणं असेल तर सोडा पीत बसू नकोस, लगेच दवाखाना गाठ. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी निघू नकोस, काही वेळाने पुन्हा काढायचा का ते विचार.

लॅबमध्ये नोकरी करते म्हणून एक सांगते. आमच्याकडच्या बहुतेक चुका नळी मशीनमध्ये जाण्याआधीच्या असतात. रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं. कधी नावच दुसऱ्याचं लागतं. नळीवर पूर्ण नाव आणि वय तुमच्यासमोर लिहायला सांगा, आपल्याकडे पाटील काय कमी आहेत?

रिपोर्ट आले की सगळ्या पानांचे फोटो पाठवा, नुसतं "नॉर्मल आहे" नको. कशाचा रिपोर्ट यायचा राहिला असेल तर तो कधी मिळणार, ते काउंटरवरच विचारून घ्या. दादाला सोबत आत बसू द्या, बाबा, बाहेर गाडीपाशी थांबवू नका.

तुमची,
वैशू