चौकोन जोडले तरी सर्व्हर सांभाळावाच लागतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जनुकीय माहितीचे विश्लेषण आता प्रोग्रामिंग न येताही करता येते, असे हल्ली वरचेवर वाचायला मिळते. ‘गॅलेक्सी’ या मुक्तस्रोत प्रणालीबाबत ते खरे आहे. पडद्यावर टूलचे चौकोन मांडायचे, एकाचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला रेघेने जोडायचे आणि एकदा रचलेला वर्कफ्लो शंभर नमुन्यांवर तसाच चालवायचा. पण ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवू पाहणाऱ्या महाविद्यालयांनी पुढचेही ध्यानात घ्यावे.

नुसती उतरवून सुरू केली, तर गॅलेक्सी एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा साधा डेटाबेस वापरते आणि सगळे जॉब, म्हणजे टूलची एकेक कामे, त्याच यंत्रावर चालवते. एकट्याला हे पुरते. वर्गभर मुलांनी एकदम जॉब टाकले की डेटाबेस अडतो. म्हणून आधी पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस, मग अनेक यंत्रांवर जॉब वाटून देणाऱ्या स्लर्मची रांग.

खरी डोकेदुखी सामायिक डिस्कची. क्लस्टरवरचा, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या समूहावरचा, जॉब नीट संपतो, फाइलही लिहिली जाते. पण ही डिस्क नेटवर्कवरून पुरवणारी एनएफएस प्रणाली फाइलींची जुनीच यादी दाखवत असल्याने गॅलेक्सीला ती फाइल दिसत नाही आणि जॉब फसला असे समजून चौकोन लाल होतो. लोक टूलला दोष देत तोच जॉब पुन्हा टाकतात. आउटपुट गोळा करण्याचे पुनःप्रयत्न मुळात शून्य असतात. कॉन्फिगमध्ये ते वाढवले की बहुतेक वेळा भागते. डिस्कचा पाथ आणि गॅलेक्सीचा यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) मात्र प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक यंत्रावर, एकच हवा.

मेमरीचा नियम टूलनिहाय लावावा. आरएनएचे वाचलेले तुकडे जीनोमवर जुळवणाऱ्या ‘स्टार’ या टूलला मानवी जीनोमसाठी ३० जीबीच्या आसपास रॅम लागते, सरसकट ४ जीबी दिली तर स्लर्म जॉब मारणारच.

दुसऱ्या गावच्या यंत्रावर काम पाठवायला ‘पल्सर’ आहे. त्याला सामायिक डिस्क लागत नाही, तो फाइली नेतो-आणतो. पण १०० एमबीपीएसच्या लाइनवर २० जीबी जायला, सगळे सुरळीत असले तरी, सुमारे २७ मिनिटे लागतात. किरकोळ जॉब तिकडे धाडण्यात अर्थ नाही.

लाल चौकोन निदान दिसतो तरी. जीनोममध्ये गुणसूत्राचे नाव ‘सीएचआर१’ आणि जनुकांच्या फाइलमध्ये नुसते ‘१’ असले, तर चौकोन हिरवा होतो आणि सगळ्या जनुकांची मोजणी शून्य येते. हे पाहायला विषय जाणणारा माणूसच हवा. आपल्याकडे यंत्राचे पैसे मिळतात, सर्व्हर सांभाळणाऱ्याची जागा बहुधा मंजूर होत नाही.

केवळ शिकवायचे असेल, तर स्वतःचा सर्व्हर बसवूच नये. जर्मनीतील फ्रायबुर्गहून चालणारा युरोपीय गॅलेक्सी सर्व्हर आधी अर्ज केल्यास प्रशिक्षणवर्गासाठी वेगळी रांग मोफत देतो. रुग्णांची ओळख पटेल अशी माहिती मात्र तिथे चढवू नये.

— एक वाचक, पुणे