बाबा, ते नियम चुकीचे नव्हते

लातूर,
८ मार्च २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एक दिवसाआड फोनवर बोलणे होत असताना हे पत्र कशाला, असे आई म्हणेल. परंतु जे सांगायचे आहे ते फोनवर काढले की बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहून पाठवते आहे.

आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलीचा बुद्धिबळावरचा वर्षभराचा प्रकल्प गेल्या आठवड्यात पूर्ण झाला. मार्गदर्शक शिक्षिका म्हणून वहीवर माझी सही आहे. पण कोणी कोणाला मार्गदर्शन केले याचा हिशेब केला, तर माझ्याच बाजूला देणे निघेल. जूनमध्ये तिने विषय सांगितला तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नव्हते. पुढे जुलैत नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा हिच्या वहीची पुढची दहा-बारा पाने वर्तमानपत्रातल्या कात्रणांनी भरून गेली. शाळेतला प्रकल्प म्हणजे कात्रणे, डिंक आणि रंगीत स्केचपेन, हे आपल्याकडे ठरूनच गेले आहे, आणि ते चालवून घेण्यात मीही काही मागे नाही.

त्या वहीतले एक पान मात्र आईने मुद्दाम वाचावे असे आहे. खाडिलकर भगिनींपैकी वासंतीने १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि रोहिणीने १९७६ मध्ये थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, एवढेच त्यावर आहे. खाली या मुलीने शिसपेन्सिलीने लिहिले आहे, "त्यांच्या घरी भांडी कोण घासत होते?" मी ते खोडायला सांगितले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिने ज्वारीचा हिशेब मांडला. राजाने बुद्धिबळ शोधणाऱ्याला बक्षीस म्हणून पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत चौसष्ट घरे भरायची, ही गोष्ट बाबांनी मलाही सांगितली होती; फरक इतकाच की मी ती ऐकली आणि हिने ती मोजून पाहिली. घरातल्या मालदांडी ज्वारीचे एक हजार दाणे तिने निवडले आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलले, तेव्हा वजन पस्तीस ग्रॅम भरले. त्या मापाने पटाच्या पहिल्या दोन ओळींना सव्वादोन किलोच्या थोडी वर ज्वारी लागते, म्हणजे एका घराच्या चार-पाच दिवसांच्या भाकरी. तिसरी ओळ संपेपर्यंत ती पावणेसहा क्विंटलच्या पुढे जाते. अर्धा पट भरला की क्विंटलची दीड हजार पोती होतात. तिथून पुढे धान्याचा मोंढाही पुरत नाही आणि तालुकाही पुरत नाही. साऱ्या देशाचे वर्षाचे धान्य २०२३-२४ सारखे तेहतीस कोटी टनांच्या घरात धरले, तर शेवटच्या घरापर्यंत पोचायला तसे जवळपास दोन हजार हंगाम लागतील. हा हिशेब तिने आजोबांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "राजाला सांग, आधी पाऊस पाड."

बाबा, खरी गोष्ट इथून सुरू होते. या आजोबांचे गाव औसा तालुक्यात आहे, आणि त्यांचा खेळ पाहून तिने एक प्रकरण लिहिले होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जाते. राजाला शह बसलेला नसेल, तर डावात एकदाच त्याला घोड्यासारखी अडीच घरांची चाल मिळते. राजासमोर राजा न मांडता समोरच्याचा वजीर मांडतात. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ज्या घरात पोचले त्या घराचे मोहरे होते. आणि एखाद्याचा नुसता राजा उरला, तर बुर्जी होऊन डाव बरोबरीत सुटतो. मी त्या पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि "नियम तपासून लिही" असा शेरा दिला. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी वही परत आली, त्यात रेघ तशीच होती आणि शेजारी नवे पान जोडलेले होते. पंजाबचा सुलतान खान हा याच देशी नियमांवर वाढला, युरोपीय नियम त्याने नंतर शिकून घेतले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, असे त्यावर होते. मग तिने मला विचारले, "मॅडम, सुलतान खान लहानपणी चुकीचा खेळत होता का?"

मला उत्तर देता आले नाही, कारण मला आपल्या गावचा पार आठवला. मी सातवीत होते. शाळेत नुकतेच नियम शिकले होते, आणि तुम्ही पारावर खेळत असताना चार माणसांदेखत म्हणाले होते, "बाबा, तुम्हाला नियमच येत नाहीत. प्यादे दोन घरे जाते." तुम्ही हसलात, डाव पुरा केलात आणि पट गुंडाळून पिशवीत ठेवलात. त्यानंतर माझ्याबरोबर तुम्ही कधी पट मांडला नाही, आणि मीही कधी मांडा म्हणाले नाही. प्याद्याची दोन घरांची चाल ही युरोपात मागाहून आलेली सोय आहे, हे मला कळायला वयाची चाळिशी आणि आठवीतली एक मुलगी लागली. कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात बुद्धिबळाचे वर्णन आहे, हेही तिनेच मला सांगितले. ते कल्याण म्हणजे आपल्या उमरग्यापलीकडचे बसवकल्याण.

गेल्या वेळ अमावस्येच्या सणाला शेतात भज्जी-आंबिलीचे जेवण झाल्यावर तुम्ही शेजारच्या काकांबरोबर डाव मांडलात आणि मी कडब्याच्या कोपीशेजारी बसून काहीतरी लिहीत होते, ते शाळेचे काम नव्हते. मी तुमच्या चाली टिपत होते. एकदा तुम्ही राजा अडीच घरे काढलात, तेव्हा काका "आता तुमची सवलत संपली" म्हणाले, तेही लिहून ठेवले आहे. त्याच वेळी बोलायला हवे होते, पण आईने ताटे उचलायला हाक मारली आणि ते राहून गेले. त्या पोरकट बोलण्याबद्दल माफी मागते.

मी पाडव्याला येते आहे आणि तिची वही बरोबर आणणार आहे. तिच्या आजोबांच्या आणि तुमच्या खेळात एका ठिकाणी फरक पडतो का, याचा उलगडा तिला हवा आहे. राजाच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा त्यांच्याकडे वजीर होतो. पण आपला वजीर पटावर जिवंत असेल, तर ते प्यादे अलीकडच्याच घरात थांबवून ठेवायचे की नाही, यावर त्यांच्या गावात दोन मते आहेत. आपल्याकडे काय करतात, ते सांगून ठेवा. आणि आई, पटाची पिशवी माळ्यावर असेल तर खाली काढून ठेव. काळा घोडा एक कमी आहे, तो मी इथून बघते.

तुमची,
सुमन